पावतीपुस्तक क्रमांक चौदा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात
जालन्यात पुण्याची झुंबड उडायची.
अकरा वर्षं मी या टेबलाशी,
मूकबधिर मुलांचं वसतिगृह, मोंढ्याच्या मागं.
माझं काम पावत्या फाडायचं:
नाव, पॅन, रक्कम अक्षरी,
आणि तळाला शिक्का,
कलम ऐंशी-जी अन्वये सवलतीस पात्र.
शाई वाळायच्या आत
लोक फुंकर मारत पावती घेऊन जायचे.

हस्तीमल छल्लाणींचा मुनीम
एकतीस तारखेला रात्री साडेनऊला, धापा टाकत:
"ताई, तारीख आजचीच घाला."
एक्कावन्न हजारांचा चेक, घडी न पडलेला.
मी मनातल्या मनात हसायचे,
देवापेक्षा सीएला भिऊन दिलेलं दान.
कौशाबाईपाशी एकदा बोलले तसं.
तिनं कणकेची परात पुढं सरकवली.
"ह्याच्यातलं भिऊन दिलेलं कोणतं, निवडून दाखवा बरं."

यंदा आठवडा कोरडा गेला.
सळईचा भाव बसला, भट्ट्या एका पाळीवर आल्या.
रात्री एमआयडीसीच्या अंगाचं आभाळ
तांबडं व्हायचं, मुलं गच्चीवर चढून बघायची;
आता बघायला वर कोणी जात नाही.
मी यादी घेऊन फोन लावत बसले.
कोणी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणालं,
कोणी उचललाच नाही,
बियाण्यांच्या दुकानवाले बांगर हसून म्हणाले,
"नव्या पद्धतीत गेलो ना ताई.
दर कमी, कागद कमी, पण दानाची सूट नाही.
मग आता काहून?"
त्यांना ते वाईट वाटलं नाही,
आणि खरं सांगते, मलाही लगेच वाटलं नाही.
हिशेब बरोबर होता.

आमच्या मुलांची एक खूण आहे, कोणी शिकवलेली नाही:
डाव्या तळव्यावर उजवी मूठ, धप्प.
म्हणजे शिक्का. म्हणजे देणारा माणूस.
त्यांनी दान एवढंच पाहिलंय.

सात एप्रिलला, दुपारी, हस्तीमल स्वतः आले.
मुनीम आता नाही म्हणाले, पुढं काही बोलले नाहीत.
खिशातून चार हजार काढले, रोख.
दोन हजारांवर रोख असली तर सवलत बसत नाही,
मी सवयीनं सांगू लागले.
"असू द्या," ते म्हणाले, "आता मला कुठं लागते."
मग उभेच राहिले.
हातात न्यायला काही नसलं की
देणाऱ्यानं निघायचं कसं,
हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही.

दारातून शमीम आली, वर्ष नववं,
त्यांच्याकडं बघून तळव्यावर मूठ आपटली. धप्प.
"काय मागते?"
"मागत नाही. ओळखलं तुम्हाला."
त्यांनी आपला तळवा पाहिला,
मग अवघडून, चुकीच्या हातानं,
तीच खूण तिला परत केली.
शमीम हसत सुटली, अख्खं अंग हलवून;
त्यांनी तिला म्हटलं होतं, देणारी तूच.

ऑडिटला लागते म्हणून पावती मी फाडलीच.
पुस्तक चौदावं, पान पहिलं.
रक्कम अक्षरी: चार हजार फक्त.
एक्कावन्न हजारांपुढंही मी 'फक्त' लिहायचे,
तेव्हा त्या शब्दाकडं कधी लक्ष गेलं नव्हतं.

चार हजारांत वर्षाचे गहू येत नाहीत.
हे कवितेनं झाकू नये.
कौशाबाईनं पोती मोजली, दोनदा,
आणि विचारलं, जून कसा काढायचा.
मी यादी पुन्हा उघडली,
बांगरांचं नाव खोडलं नव्हतंच.
या वेळी फोनवर पावतीचं बोलायचं नाही, ठरवलं.
काय बोलायचं, ते अजून सुचत नाही.
घंटी वाजतेय.